आधी प्रश्न, मग सीटी

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या साधारण दोन ते चार मिलिमीटर रुंदीच्या असतात आणि प्रत्येक ठोक्यासरशी हिसका खातात. फुफ्फुसांकडे जाणारी धमनी मुळाशी अंगठ्याहून जाड असते. फाटे फुटत फुटत ती सुतासारखी बारीक होते आणि श्वासागणिक हलते. या हलत्या नळ्यांची पोकळी, त्यांच्या भिंतीत साचलेला मेद, त्यांत अडकलेली गुठळी हे सारे हृदयापर्यंत नळी न सारता काही सेकंदांत दाखवणे, हे सीटी अँजिओग्राफीचे काम. गेल्या पन्नास वर्षांत वैद्यकाने जे मोठे कमावले, त्यात या तपासणीचे स्थान वरचे आहे.

तिच्याभोवती वाढलेला एक समज मात्र खोडून काढणे आवश्यक झाले आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात तो घरोघरी, गृहसंकुलांच्या आरोग्य शिबिरांत आणि ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजांत भेटतो. चाळिशी ओलांडली की काही होत नसले तरी एकदा हृदयाची सीटी काढून घ्यावी. छातीत दुखले तर बाकी कशात वेळ न घालवता सरळ सीटी करावी. यंत्र खोटे बोलत नाही, तेव्हा रिपोर्ट हाती आला की निदान झाले, असा तो समज. त्याच्या उलट टोकाला दुसरा समज उभा आहे : सीटी ही अर्धवट तपासणी, तिच्यात किरणांचा मारा होतो आणि शेवटी ‘खरी’, म्हणजे नळी घालून केलेली, अँजिओग्राफी करावीच लागते. दोहोंच्या मुळाशी एकच चूक आहे. सीटी आपणहून निदान करते, असे दोघेही धरून चालतात. एकाला ते निदान पुरेसे वाटते, दुसऱ्याला अपुरे. वस्तुतः सीटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्न विचारलाच नसेल किंवा चुकीचा विचारला असेल, तर चित्र कितीही रेखीव असले तरी रुग्णाच्या कामाचे नसते.

या विधानाला यंत्राच्या रचनेतच आधार आहे. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंग्रज अभियंत्याच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. शरीराभोवती क्ष-किरणांची नळी फिरवून अनेक कोनांतून मोजमाप घ्यायचे आणि गणिताने आडवा छेद उभा करायचा, अशी ती पद्धत. तिच्यासाठी हाउन्सफिल्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सुरुवातीला एका छेदाला काही मिनिटे लागत; धडधडते हृदय आवाक्याबाहेरच होते. १९९८ च्या सुमारास एका फेरीत चार छेद घेणारी यंत्रे आली, २००४ च्या सुमारास ६४ छेदांची. फेरीचा वेळ अर्ध्या सेकंदाखाली उतरला, तेव्हा कुठे कोरोनरी धमन्या नीट दिसू लागल्या.

आजही त्या सहजी दिसत नाहीत. ठोके मिनिटाला ६०-६५ च्या खाली आणण्यासाठी बहुतेकांना बीटा-ब्लॉकर गोळी द्यावी लागते. धमन्या रुंदावाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. त्याआधी रुग्णाने सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतलेली नाही ना, हे विचारावे लागते, कारण दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली येतो. ईसीजीच्या तारा लावून, ठोक्यांमधल्या निवांत क्षणाशी जुळवून चित्र टिपले जाते, आणि तेवढा वेळ रुग्णाने श्वास रोखायचा असतो. ठोके फार अनियमित असतील किंवा धमनीत चुना (कॅल्शियम) खूप साचला असेल, तर चित्र फाटते किंवा अडथळा आहे त्याहून मोठा भासतो.

याहून महत्त्वाची गोष्ट डायच्या प्रवासाची. रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून कोपराजवळच्या शिरेतून सोडलेला आयोडिनयुक्त डाय आधी हृदयाच्या उजव्या बाजूत, तिथून फुफ्फुसांच्या धमन्यांत, मग डाव्या बाजूत आणि महाधमनीतून कोरोनरी धमन्यांत पोचतो. या टप्प्यांत काही सेकंदांचेच अंतर असते. फुफ्फुसातली गुठळी शोधायची तर आधीचे सेकंद पकडावे लागतात, कोरोनरीतला अडथळा शोधायचा तर नंतरचे. फुफ्फुसांच्या बारीक छेदांच्या साध्या सीटीत, म्हणजे एचआरसीटीत, डाय नसतोच. तीत फुफ्फुसाचा पोत दिसतो, पण त्याच्या धमनीतली गुठळी भरवशाने दिसत नाही. सर्व काही एकाच वेळी टिपण्याची पद्धत आहे, पण तीत डाय जास्त लागतो, किरणही जास्त, आणि प्रत्येक चित्राच्या दर्जात थोडी तडजोड होते. थोडक्यात, ‘छातीची सीटी’ नावाची एकच तपासणी नाही. डॉक्टरांच्या मनात कोणती शंका आहे, यावर यंत्र कोणत्या सेकंदाला सुरू करायचे हे ठरते.

हे न समजल्याची किंमत कोविडच्या काळात दिसली. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने एचआरसीटीचे दर बांधून दिले : १६ स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या यंत्रावर २००० रुपये, १६ ते ६४ स्लाइससाठी २५०० आणि त्याहून मोठ्या यंत्रासाठी ३०००. हे दरनियंत्रण योग्यच होते. पण २०२१ च्या दुसऱ्या लाटेत एचआरसीटीवर २५ पैकी मिळणारा ‘स्कोअर’ हाच आजार ठरला. ताप किती दिवस आहे, ऑक्सिजनची पातळी किती, चालल्यावर ती किती घसरते, यापेक्षा ‘स्कोअर किती?’ हा प्रश्न आधी येऊ लागला. कोविडमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात हे तोवर कळून चुकले होते. तरी डायविना काढलेल्या एचआरसीटीकडे बोट दाखवून ‘छातीची सीटी झाली आहे’ असे समाधान मानले जाई. मे २०२१ मध्ये एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे, असा इशारा दिला. रेडिऑलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने आधुनिक यंत्रांत हे प्रमाण पाच-दहा एक्स-रेइतकेच असते, असे उत्तर दिले. सारा वाद एक्स-रे मोजण्यात गेला. त्या सीटीमुळे रुग्णाच्या उपचारात काय बदलणार होते, हा खरा प्रश्न मागे पडला.

आता मुख्य समजाचे एकेक अंग पाहावे. ‘काही होत नसले तरी चाळिशीनंतर एकदा’ या मताच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा वयाचा आहे, आणि तो खरा आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतर देशांत सुमारे ५९ व्या वर्षी. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी ज्याचे पहिले लेखक आहेत, त्या २००७ च्या शोधनिबंधात हे आकडे आहेत. पण समर्थक त्या निबंधाचा अर्धाच भाग सांगतात. हे सहा वर्षांचे अंतर बव्हंशी कशामुळे पडते, याचे उत्तरही त्यातच दिले आहे : मधुमेह, बिघडलेली चरबी, तंबाखू, व्यायामाचा आणि फळे-भाज्यांचा अभाव हे धोके इथल्या माणसांत लवकर आणि जास्त प्रमाणात आढळतात. हे धोके ओळखायला सीटी लागत नाही. रक्तदाबाचा पट्टा, साखरेची आणि कोलेस्टेरॉलची तपासणी, कमरेचा घेर मोजायची टेप आणि तंबाखूबद्दल सरळ विचारलेला प्रश्न एवढ्यावर काम होते. लवकर येणाऱ्या आजाराला उत्तर लवकर सुरू केलेल्या प्रतिबंधाचे असते, आणि त्याची सुरुवात फॅमिली डॉक्टरच्या टेबलावर होते.

लक्षणे नसलेल्यांची सीटी काढून जीव वाचतात का, हे तपासलेही गेले आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फॅक्टर-६४ चाचणीत हृदयाची लक्षणे नसलेले ९०० मधुमेही घेतले गेले; निम्म्यांची सीटी अँजिओग्राफी झाली, निम्म्यांची नाही. काही वर्षांनी मृत्यू, हार्ट अटॅक आणि अस्थिर अंजायना यांचे प्रमाण सीटी झालेल्यांत ६.२ टक्के आणि न झालेल्यांत ७.६ टक्के निघाले. सांख्यिकीदृष्ट्या या फरकाला अर्थ नव्हता. डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वयाच्या ४६ हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत काहींना सीटीसह हृदयविकाराच्या चाळणीसाठी बोलावले गेले, बाकीच्यांना नाही. २०२२ च्या निष्कर्षात पाच-साडेपाच वर्षांनंतर मृत्यूचे प्रमाण बोलावलेल्यांत १२.६ आणि न बोलावलेल्यांत १३.१ टक्के होते. हा फरकही निर्णायक नव्हता. मधुमेह्यांत आणि म्हाताऱ्या पुरुषांत, म्हणजे धोका जास्त असलेल्या गटांत जे सिद्ध झाले नाही, ते धडधाकट बेचाळिशीतल्या माणसात होईल असे गृहीत धरून पॅकेज विकणे समर्थनीय नाही.

‘काही सापडले तर निदान कळेल तरी’ हे पुढचे उत्तर असते. काय सापडते? स्वीडनमध्ये ५० ते ६४ वयाच्या, हृदयविकार ठाऊक नसलेल्या २५ हजारांहून अधिक लोकांची सीटी झाली. त्यांतील ४२ टक्क्यांच्या कोरोनरी धमन्यांत काही ना काही साचलेले आढळले. ५० टक्के किंवा अधिक अडथळा मात्र सुमारे ५ टक्क्यांत. याचा अर्थ, दर दहा धडधाकट माणसांतले चार जण चित्र पाहिल्यावर ‘हृदयरोगी’ होऊन बाहेर पडतात. त्यांना जे उपचार लागतात, ते कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन, रक्तदाबाची गोळी, तंबाखू सोडणे आणि चालणे हेच. धोक्याचा साधा हिशेब केला असता तरी तेच निघाले असते. पण ‘ब्लॉकेज’ हा शब्द घरात आला की कुटुंबाला स्वस्थ बसवत नाही. नाशिक-पुण्याहून नातेवाईकांचे फोन येतात, दुसरे मत घेतले जाते, कॅथलॅबची तारीख ठरते. स्थिर हृदयविकारात स्टेंट किंवा बायपासची घाई केल्याने मृत्यू आणि हार्ट अटॅक टळतात का, हे इस्केमिया चाचणीने ५१७९ रुग्णांत पाहिले. २०२० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षात औषधांवर ठेवलेल्या गटापेक्षा घाईच्या गटाला त्या बाबतीत फायदा दिसला नाही. वेदना कमी होण्याचा फायदा होता, पण तो ज्यांना वेदना होती त्यांना. ज्याला वेदनाच नाही, त्याच्या धमनीत चाळीस टक्क्यांचा अडथळा शोधून त्याला स्टेंटच्या वाटेवर ढकलणे ही प्रगती नव्हे.

एक अपवाद मान्य केला पाहिजे. धोक्याचा हिशेब करूनही स्टॅटिन सुरू करावे की नाही हे ठरत नसेल, तर डाय न वापरता, थोड्या किरणांत होणारा कॅल्शियम स्कोअर निर्णयाला मदत करतो. मात्र तिथेही प्रश्न ठरलेला असतो : गोळी सुरू करायची की थांबायचे? आणि त्या स्कोअरची मर्यादा लक्षात ठेवावी लागते. तरुण वयात साचलेल्या मेदात अजून चुना नसतो. छातीत दुखणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाचा कॅल्शियम स्कोअर शून्य आला, म्हणून त्याला घरी पाठवता येत नाही.

‘छातीत दुखले की सरळ सीटी’ हे समजाचे दुसरे अंग अधिक धोकादायक आहे, कारण त्यात वेळ जातो. छातीच्या मधोमध आवळल्यासारखे होते, घाम फुटतो, वेदना डाव्या हातात किंवा जबड्यात उतरते, अशा वेळी पहिली तपासणी ईसीजी. रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत. त्यात धमनी पूर्ण बंद झाल्याची खूण दिसली, तर निदान तिथेच संपते आणि बंद धमनी उघडण्याची शर्यत सुरू होते. दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असताना सीटी केंद्राच्या वाटेला लागणे हा जिवाशी खेळ आहे. कल्याण आणि डोंबिवली ही रेल्वे रुळांनी पूर्व-पश्चिम दुभंगलेली गावे आहेत. पत्रीपूल किंवा कोपर पूल संध्याकाळी ओलांडताना किती वेळ जातो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा ठिकाणी पहिला फोन १०८ ला आणि पहिला कागद ईसीजीचा, हाच क्रम टिकला पाहिजे. ईसीजी नीट आला तरी शंका मिटत नाही. काही तासांनी तो पुन्हा काढायचा आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारे रक्तातले ट्रोपोनिन पुन्हा तपासायचे. ‘गॅस असेल’ म्हणून घरी बसणे आणि ईसीजीविना सीटीकडे धावणे या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत : दोन्हींत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जलद तपासणी टाळली जाते.

याच छातीदुखीत एक आजार असा आहे, ज्यात सहसा सीटीच निर्णायक ठरते आणि उशीर परवडत नाही. महाधमनीच्या भिंतीचा आतला थर फाटून रक्त भिंतीत शिरते, तेव्हा वेदना पहिल्याच क्षणी कमाल तीव्रतेची असते आणि पाठीकडे सरकते. दोन्ही हातांतला रक्तदाब वेगवेगळा लागू शकतो. हा हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले, तर रुग्ण दगावू शकतो. इथे महाधमनीची सीटी तातडीने झालीच पाहिजे. पण ती व्हावी हे कळते कशावरून? वेदना कशी सुरू झाली हे विचारल्यावरून आणि दोन्ही हातांना पट्टा बांधल्यावरून. सीटीचा सर्वांत उपयोगी क्षणसुद्धा रुग्णाच्या खाटेशीच ओळखला जातो.

फुफ्फुसातल्या गुठळीच्या बाबतीत हा मुद्दा आकड्यांनी सिद्ध झाला आहे. पायाच्या खोल शिरेत झालेली गुठळी सुटून फुफ्फुसाच्या धमनीत अडकते. मांडीचे हाड मोडून अंथरुणावर असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया यांना धोका जास्त. ८२४ रुग्णांवरच्या पायोपेड-२ अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. सीटीने दर शंभर गुठळ्यांपैकी ८३ पकडल्या. त्याहून बोलका तपशील पुढचा. तपासणीआधी डॉक्टरांना गुठळीची शंका दाट होती आणि सीटीतही ती दिसली, तिथे सीटी ९६ टक्के वेळा बरोबर ठरली. शंका फारच कमी असताना सीटीत गुठळी दिसली, तिथे ती अवघी ५८ टक्के वेळा खरी निघाली. उलट, शंका दाट असताना सीटी नॉर्मल आली, तर त्या नॉर्मल रिपोर्टवर ६० टक्केच भरवसा ठेवता आला. त्यानंतर यंत्रे सुधारली, बारीक फाटेही दिसू लागले. पण गणित तेच राहिले. यंत्र आणि अहवाल दोन्ही तेच असले, तरी आधीच्या शंकेप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो. ‘यंत्र खोटे बोलत नाही’ या वाक्याला याहून स्पष्ट उत्तर नाही.

व्यवहारात मात्र डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात वाढणारा घटक, वाढला की लगेच सीटी, अशी साखळी चालते. डी-डायमर जंतुसंसर्गात वाढतो, शस्त्रक्रियेनंतर, गरोदरपणात आणि वयानुसारही वाढतो. पावसाळ्यात तापाने फणफणलेल्या माणसाचा डी-डायमर वाढलेला असणे यात नवल काहीच नाही. त्याचा उपयोग उलट्या बाजूने आहे : शंका कमी आणि डी-डायमर नॉर्मल, तर सीटी न काढता गुठळी नाही असे म्हणता येते. म्हणून आधी वेल्स गुणांकनासारख्या पद्धतीने शंका मोजायची, मग गरज असेल तर डी-डायमर, पन्नाशीनंतर वयाप्रमाणे त्याची मर्यादा वाढवून घ्यायची, आणि मग सीटी. हा क्रम सोडल्यावर काय होते, हे अमेरिकेत दिसले. तिथे ही सीटी सर्रास होऊ लागल्यावर, १९९८ ते २००६ या काळात फुफ्फुसातील गुठळीच्या निदानाचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी वाढले; गुठळीने होणारे मृत्यू जवळजवळ तितकेच राहिले. सापडू लागल्या त्या बऱ्याचशा टोकाच्या, कदाचित आपोआप विरणाऱ्या बारीक गुठळ्या. रुग्णांच्या वाट्याला मात्र रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा रक्तस्राव आला.

याच्या उलट चूक तितकीच गंभीर आहे. बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी अचानक धाप लागलेल्या स्त्रीला ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिक देणे, प्लास्टरमध्ये पाय असलेल्या माणसाच्या धापेला दमा म्हणणे, यात माणसे मरतात. अशा रुग्णात शंका दाट असते आणि तिथे सीटीला उशीर करू नये. रुग्ण शॉकमध्ये असेल, सीटीपर्यंत नेणेच शक्य नसेल, तर खाटेशी टूडी इको करून उजव्या कप्प्यावर ताण आहे का ते पाहायचे आणि उपचार सुरू करायचे. गुठळीनंतर तीन महिने रक्त पातळ करूनही धाप टिकून राहिली, तर शंका बदलते. तेव्हा जुनाट गुठळ्यांनी वाढलेला फुफ्फुसांतला दाब शोधायला व्हेंटिलेशन-परफ्युजन स्कॅन हीच पहिली चाळणी असते, सीटी तिच्या मागून येते. आणि ज्या भागात क्षयरोग अजून घरोघरी ओळखीचा आहे, तिथे खोकल्यातून भळभळ रक्त येणाऱ्या रुग्णात सीटी अँजिओग्राफी फार मोलाची ठरते. रक्त बहुधा फुफ्फुसाच्या धमनीऐवजी श्वासनलिकेच्या धमन्यांतून येत असते. कधी क्षयाच्या पोकळीच्या भिंतीत फुगलेल्या धमनीतूनही येते, जिचे वर्णन रासमुसेन या डॅनिश डॉक्टरने १८६८ मध्ये केले. कोणती धमनी बंद करायची, हे आधीच ठाऊक असले की ती बंद करण्याची प्रक्रिया सुकर होते. इथेही डाय कोणत्या टप्प्यावर असताना चित्र घ्यायचे, हे रेडिऑलॉजिस्टला आधी सांगावे लागते.

उलट टोकाचा समज, म्हणजे ‘सीटी अर्धवट, खरी अँजिओग्राफी हवीच’, हा रुग्णांचे वेगळ्या प्रकारे नुकसान करतो. चालताना छातीत भरून येते, थांबल्यावर बरे वाटते, धोके मध्यम आहेत आणि हृदयविकार आधी ठाऊक नाही, अशा माणसासाठी सीटी अँजिओग्राफी ही आज उपलब्ध असलेल्या उत्तम पहिल्या तपासण्यांपैकी आहे. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१६ मध्ये आणि अमेरिकेच्या २०२१ मध्ये तिला हे स्थान दिले. स्कॉटलंडमध्ये छातीदुखीच्या ४१४६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना सीटीची जोड दिली गेली. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांचे प्रमाण ३.९ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. मुख्य कारण असे की, चित्र पाहिल्यावर योग्य माणसांना योग्य औषधे मिळाली. युरोपात ३५६१ रुग्णांच्या डिस्चार्ज चाचणीत, २०२२ मध्ये, सीटी आणि नळीची अँजिओग्राफी यांची सरळ तुलना झाली. पुढच्या काही वर्षांतले हृदयविकाराचे मोठे प्रसंग दोन्ही गटांत जवळपास सारखे होते, पण तपासणीशी निगडित गंभीर गुंतागुंत सीटीच्या गटात ०.५ टक्के आणि नळीच्या गटात १.९ टक्के होती. त्यामुळे मध्यम शंकेच्या रुग्णाला थेट कॅथलॅबमध्ये नेणे, हेही प्रश्न न विचारताच केलेले काम आहे. ज्याच्या धमन्यांत चुना खूप आहे, बारीक स्टेंट आधीच बसवलेले आहेत किंवा ज्याची लक्षणे आणि ईसीजी मोठ्या अडथळ्याकडे स्पष्ट बोट दाखवतात, त्याला नळीची अँजिओग्राफी रास्त आहे.

या दोन्ही चाचण्यांचा आधार घेऊन निरोगी माणसांच्या पॅकेजांचे समर्थन केले जाते. ते चुकीचे आहे. स्कॉटलंडमधला प्रत्येक रुग्ण छातीत दुखते म्हणून दवाखान्यात आलेला होता. त्यांच्याकडे प्रश्न होता.

किरणांबद्दलची भीती आणि बेफिकिरी दोन्ही आकड्यांपुढे टिकत नाहीत. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. जगभरातील केंद्रांच्या सर्वेक्षणांत कोरोनरी सीटीची मात्रा २००७ मध्ये सुमारे १२ मिलिसिव्हर्ट होती. २०१७ मध्ये ती तीनच्या खाली आली. म्हणजे नव्या यंत्रावर, ठोके आवरून, नीट काढलेली सीटी वर्षभराच्या नैसर्गिक मात्रेच्या आसपास असते. जुन्या यंत्रावर घाईने काढलेली तिच्या कितीतरी पट. ज्याला गरज आहे त्या रुग्णाने या मात्रेला घाबरू नये. ज्याला गरज नाही त्याच्या बाबतीत छोटा धोकाही समर्थनीय ठरत नाही. तरुण स्त्रियांत स्तनांवर पडणाऱ्या किरणांचा विचार विशेष करावा लागतो. प्रत्येक सीटी यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. परवाना यंत्र सुरक्षित चालवण्याची खात्री देतो. सीटी काढायची की नाही, हा निर्णय त्याच्या कक्षेत येत नाही. डायचेही तसेच : क्रिएटिनिन वाढलेले असेल, मूत्रपिंड अशक्त असेल, आधी डायची ॲलर्जी झाली असेल, तर आधी विचार आणि तयारी हवी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या मूत्रपिंडाच्या रुग्णाने गोळी कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची, हे विचारल्याशिवाय टेबलावर झोपू नये.

२०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या जवळ होते. ती वस्ती त्यानंतर वाढतच गेली. ‘यंत्रे वाढवा’ ही मागणी म्हणून साहजिक आहे, आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी ती रास्तही आहे. पण कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, कल्याणचे रुक्मिणीबाई असो की डोंबिवलीचे शास्त्रीनगर, सार्वजनिक रुग्णालयात छातीदुखीच्या रुग्णासाठी यंत्राआधी काही गोष्टी हव्यात : दहा मिनिटांत ईसीजी आणि तो वाचणारा डॉक्टर, रात्रीही मिळणारे ट्रोपोनिन, खाटेशी टूडी इको, गुठळी विरघळवणारे औषध कपाटात तयार. त्यावर सीटी, आणि सीटीबरोबर तिचा अहवाल रात्री दोन वाजताही देणारा रेडिऑलॉजिस्ट. त्याच्याविना यंत्र नुसते उभे राहते.

शेवटचा दुवा अहवालाचा. कोरोनरी सीटीचे अहवाल आता कॅड-रॅड्स या वर्गवारीत येतात. शून्य म्हणजे काही साचलेले नाही. १ आणि २ म्हणजे ५० टक्क्यांपेक्षा कमी अडथळा, उपचार औषधांचे. ३ म्हणजे ५० ते ६९ टक्के, ज्यात हा अडथळा रक्तपुरवठा खरोखर कमी करतो का, हे आणखी तपासावे लागते. ४ म्हणजे ७० ते ९९ टक्के आणि ५ म्हणजे धमनी पूर्ण बंद. २ आकडा आलेल्या माणसाने स्टेंटबद्दल विचारण्याऐवजी स्टॅटिन, रक्तदाब आणि साखर यांबद्दल विचारावे.

हे सारे टाळता किंवा साधता येते ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ‘सीटी चेस्ट’ एवढ्या दोन शब्दांवर रेडिऑलॉजिस्टला कोणता सेकंद पकडायचा हे कळत नाही, आणि रुग्णाला आपण यंत्रात का चाललो आहोत हे कळत नाही. चिठ्ठीवर चार गोष्टी असाव्यात : रुग्णाला काय होते आहे आणि कधीपासून, डॉक्टरांना कोणत्या आजाराची शंका आहे आणि ती किती दाट आहे, मूत्रपिंड, ॲलर्जी, गरोदरपण आणि चालू औषधे यांची नोंद, आणि उत्तर हो आले किंवा नाही आले, तर उपचारात काय बदलेल. चौथी ओळ लिहिता येत नसेल, तर ती सीटी काढू नये. ती लिहिता येत असेल, तर किरणांच्या, डायच्या किंवा खर्चाच्या भीतीने ती लांबवू नये. रुग्णानेही चिठ्ठी हातात घेताना ही चौथी ओळ डॉक्टरांकडून समजून घ्यावी. तो त्याचा हक्क आहे.